जुलाबानंतर गुडघा सुजला? अँटीबॉडी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पोट बिघडतं, बरंही होतं, आणि एक ते चार आठवड्यांनी अचानक गुडघा नाहीतर घोटा सुजतो. हा बऱ्याचदा रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस असतो, म्हणजे शरीरात दुसरीकडे झालेल्या इन्फेक्शननंतर येणारी सांध्यांची सूज. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, येर्सिनिया आणि लघवीच्या मार्गातला क्लॅमिडिया हे यामागचे नेहमीचे जंतू. यातला कोणता होता हे शोधायला रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, तपासतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आयजीजी (अँटीबॉडीचा एक प्रकार) पॉझिटिव्ह दिसलं की जंतू अजून अंगात आहे असं धरून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेत बसायचं. अहो, आयजीजी म्हणजे या जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती एवढंच, ती गेल्या महिन्यात पडली की चार वर्षांपूर्वी हे एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरं सॅम्पल देतात, त्याच लॅबमध्ये, आणि टायटर (रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण) चौपट वाढलं तर इन्फेक्शन ताजं. पण सांधा सुजेपर्यंत टायटर आधीच वर गेलेलं असू शकतं, त्यामुळे वाढ दिसली नाही म्हणून आजार नाही असंही नसतं.

आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीकडे तर कुणी बघतच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. येर्सिनियानंतर ज्यांचे सांधे धरले त्यांच्यात आयजीए महिनोन्‌महिने टिकून राहतं, नुसतं पोट बिघडलेल्यांत ते लवकर उतरतं, हे फिनलंडच्या संशोधकांनी 1980च्या दशकात दाखवलं. पुढे 1989 मध्ये अशा पेशंटच्या सांध्यातल्या पाण्यातल्या पेशींत येर्सिनियाचे अंशही सापडले, कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) मात्र काहीच उगवत नाही!

येर्सिनियाच्या ओ:9 प्रकारामुळे ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जंतूची टेस्टही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, हे लक्षात असू द्या. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रुमेटॉइड संधिवाताच्या टेस्ट या आजारात सहसा निगेटिव्हच असतात, एचएलए-बी27 हा या आजाराशी जोडलेला आनुवंशिक मार्कर निगेटिव्ह असला तरी हा आजार होतो.

आणि एक कळकळीने सांगतो, एकच सांधा लालभडक, गरम, हलवता येईना आणि वर ताप असेल तर अँटीबॉडी रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यातच पू झाला असेल तर थोड्या दिवसांत कूर्चा खराब होते, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी सुईने पाणी काढून कल्चरला जायला हवं. क्लॅमिडियाचा संशय असेल तर रक्तातल्या अँटीबॉडीपेक्षा लघवीची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करा, ती पॉझिटिव्ह आली तर औषध लागतंच, आणि हा जंतू लैंगिक संबंधातून पसरतो म्हणून जोडीदारालाही.