टीव्हीसाठी काढलेले जुने भुताचे पिक्चर कसे हुडकायचे, कसे बघायचे

पहिलं काम रिमोटचं. पिक्चर साइज ‘४:३’ (जुन्या टीव्हीचा आकार) किंवा ‘ओरिजिनल’वर आणा आणि मोशन स्मूथिंग, म्हणजे हालचाल नको तेवढी गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. मंगळवार पेठेत माझं टीव्ही-दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोठ्या हौसेनं ५५ इंची सेट घेतं आणि जुना पिक्चर त्यावर ताणून बघतं. माणसं बुटकी, जाडी दिसतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दोन्ही बाजूला काळे पट्टे आले म्हणजे सेट बिघडला नाही, दुकानात आणू नका.

हे पिक्चर मुळात थिएटरसाठी काढलेलेच नव्हते. अमेरिकेत एबीसी चॅनेलनं १९६९ ला ‘मूव्ही ऑफ द वीक’ सुरू केलं. दीड तासाचा स्लॉट, जाहिराती वजा जाता पिक्चर सव्वा तासाच्या आसपास. पैसा कमी, शूटिंगचे दिवस त्याहून कमी. राक्षस दाखवायचा तर खर्च, मग दाराआडचा आवाज आणि जिन्याखालचा अंधार यावरच भागवायचं. खरी मजा तिथंच आहे. १९९३ चा ‘झी हॉरर शो’ नाहीतर १९९५ चं ‘आहट’ पांघरुणातून बघितलेल्यांना जास्त सांगायला नको.

सुरुवात स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’नं करा, १९७१ चा आहे. यात भूत एकही नाही. एक माणूस गाडीतून चाललाय, मागं जुनाट टँकर लागलाय, आणि ड्रायव्हरचं तोंड काही नीट दिसत नाही. करूळ घाटातनं रात्री जाणार असाल तर परत आल्यावर बघा, आधी नको. टीव्हीवर हा ७४ मिनिटांचा होता. नंतर अमेरिकेबाहेरच्या थिएटरांसाठी ९० मिनिटांचा केला, आणि आता बहुतेक तोच मिळतो. शाळेच्या बसचा प्रसंग त्या वाढीव भागातला. मला तो भरतीचा वाटतो.

मग १९७२ चा ‘द नाइट स्टॉकर’. लास व्हेगासमध्ये रक्तपिपासू हिंडतोय, त्याच्या मागं लागलाय कोलचॅक नावाचा चुरगळलेल्या सुटातला वार्ताहर, आणि संपादक त्याचं ऐकतच नाही. नुसता कोलचॅक बोलत बसला तरी मी बघीन.

आता पुढचं कसं हुडकायचं? भुतामागं जाऊ नका, नावामागं जा. श्रेयनामावली पळवू नका, वहीत उतरवा. ‘ड्युएल’ आणि ‘नाइट स्टॉकर’ दोन्ही लिहिलेत रिचर्ड मॅथेसननं. ‘नाइट स्टॉकर’चा दिग्दर्शक जॉन मॉक्सी, त्याचाच त्याच वर्षीचा ‘होम फॉर द हॉलिडेज’. निर्माता डॅन कर्टिस, त्याच्याकडनं पोचता १९७५ च्या ‘ट्रिलॉजी ऑफ टेरर’ला. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी ठीकठाक. तिन्ही मॅथेसनच्या कथांवरच, पण तिसरीची पटकथाही त्याचीच, आणि ती काटा किर्र! फ्लॅटमध्ये एकटी नटी कॅरेन ब्लॅक, आणि हातभर भालेवाली बाहुली. बाहुलीच्या अंगावरची साखळी गळून पडते, ती गळू नये असं आधीच बजावलेलं असतं. पुढं बाई तिला बॅगेत कोंडते, तर आतनं सुरीचं टोक बाहेर येतं आणि गोल भोक कापत फिरायला लागतं. हा सगळा खेळ दोन-तीन खोल्यांत.

बघताना होम थिएटर लावू नका. आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा आहे, टीव्हीचा स्पीकर बास. दहा-बारा मिनिटांनी पडदा काळा होतो, ती जाहिरातीची जागा. त्याच्या आधी हमखास एक दचका असतो. तिथं पॉज करून पाणी प्यायला उठा. सलग बघितला तर पिक्चर उगाच तुकड्यातुकड्यांचा वाटतो.

शोधताना नावापुढं साल टाकाच. ‘डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क’ नुसतं टाकलं तर नवा रिमेक पुढं येतो, आपल्याला १९७३ चा पाहिजे. यूट्यूबवर कॅसेटवरनं उतरवलेल्या प्रिंटा सापडतात, चित्र घाण असतं, चालतंय. डिस्क मागवणार असाल तर आधी रीजन बघा, म्हणजे ती कुठल्या देशाच्या प्लेअरवर चालते ते: अमेरिकेची डीव्हीडी रीजन १, आपली ५. ब्लू-रे तिकडं ए, इकडं सी. रीजन-फ्री प्लेअर आधी, डिस्क नंतर. ‘सेलम्स लॉट’ (१९७९) घेताना लांबी तपासा. दोन रात्रींत दाखवलेला तीन तासांचा आहे, कापून दोन तासांच्या आत बसवलेलाही फिरतो. लांबचाच घ्या. खिडकीबाहेर तरंगत येऊन काचेवर नखं घासणारं पोरगं त्यात आहे.

अमेरिका पचली की बीबीसीकडं वळा. ‘घोस्टवॉच’, ३१ ऑक्टोबर १९९२. झपाटलेल्या घरातनं लाइव्ह कार्यक्रम चालल्याचा बहाणा, आणि निवेदक खराखुरा मायकेल पार्किन्सन, तिकडचा नावाजलेला मुलाखतकार. म्हणजे आपल्या प्रदीप भिड्यांनी सातच्या बातम्यांच्या आवाजात भूत आल्याचं सांगावं, तसलं काम. कितीतरी प्रेक्षकांना ते खरंच वाटलं. पण पार्किन्सन ओळखीचा नसेल तर निम्मी भीती वाया जाते. म्हणून आधी त्यानं मुहम्मद अलीची घेतलेली मुलाखत दहा मिनिटं बघून घ्या, मग हा लावा.