डॅरिल हॉल कुठून आणि कसा ऐकायचा : भजनी कान असलेल्या सगळ्यांसाठी

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी भजन मंडळात पेटी वाजवतो, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत दोन-तीन सीझन ऑर्गनवर पण बसलो, आणि गेली सात-आठ वर्षं रोवणी असो का कापणी, कानात डॅरिल हॉल नावाचा अमेरिकन गायक असतोच. मंडळातले पोट्टे नेहमी विचारतात की भाऊ हा कोण, याचं आधी कोणतं गाणं लावू, इंग्लिश येत नाही तरी जमते का. दर वेळी तोंडी सांगतो आणि अर्धं विसरतो, म्हणून आता नीट लिहून राहिलो.

सगळ्यात आधी एक करा, यूट्यूबवर 'बेस्ट ऑफ' लावून शफल करू नका. या माणसाचं काम पन्नास वर्षांच्या वर पसरलं आहे, 1973 चं गाणं संपलं की लगेच 1984 चं आलं तर ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि मग कान भरकटतो. मोबाईलमधे सालाप्रमाणे लिस्ट बनवा, जुनं वर, नवं खाली. आणि शक्य तिथे स्टुडिओचं गाणं ऐकलं की त्याच गाण्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग लगेच त्याच्या खाली ठेवा. माझं तर स्पष्ट मत आहे की हा गायक कळतो तो लाइव्हमधेच, स्टुडिओत फक्त ओळख होते.

आता थोडं घराणं माहीत पाहिजे, नाहीतर ऐकण्यात मजा येत नाही. जन्म 1946 चा, पॉट्सटाउन नावाचं छोटं गाव, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. वडील गाणारे, आई गाणं शिकवणारी. शिकायला फिलाडेल्फियाच्या टेम्पल युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथे शहरातल्या काळ्या पोरांसोबत कोपऱ्याकोपऱ्यावर जे गाणं चालायचं त्यात शिरला. टेम्पटोन्स नावाचा ग्रुप होता त्याचा. 1967 मधे अडेल्फी बॉलरूम नावाच्या हॉलमधे बँडची कॉम्पिटिशन होती, तिथे भांडण पेटलं, गोळ्या चालल्या, आणि जीव वाचवायला तो ज्या सामानाच्या लिफ्टमधे शिरला त्याच लिफ्टमधे दुसऱ्या बँडचा जॉन ओट्स पण होता. तिथून हॉल अँड ओट्स ही जोडी. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गर्दीत रेटारेटी झाली की माणूस दिसेल त्याच्या बाजूला उभा राहते तशी ही ओळख, आणि ती पुढं कितीतरी दशकं चालली.

'ब्ल्यू आइड सोल' हा शब्द तुम्हाला सगळीकडे दिसेल. सोल म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भजनातून निघालेलं गाणं, आणि ते गोऱ्या गायकानं गायलं की त्याला हे निळ्या डोळ्यांचं नाव. फिलाडेल्फियाचा रेडिओ डीजे जॉर्जी वूड्स यानं 1964 च्या आसपास हा शब्द चालवला असं मानतात. डॅरिल हॉलला स्वतःला तो आवडत नाही, त्यानं मुलाखतींत तसं सांगितलं पण आहे, कारण त्यात असं येते की हा बाहेरून आला आणि दुसऱ्याचं घेऊन गेला. मला त्याचं पटते. राष्ट्रसंतांचं भजन जो खंजेरीवर मनापासून म्हणेल त्याचं ते होते, त्याची जात-गाव कोणी विचारत नाही. पण ते गाणं कोणाच्या दुःखातून आलं हे विसरायचं नाही, आणि हा माणूस विसरला नाही, ते पुढं अपोलो थिएटरच्या रेकॉर्डिंगच्या वेळी दिसेलच.

सुरुवात 'शीज गॉन' नं करा, 1973 चा अल्बम आहे 'अबँडन्ड लंचनेट'. पहिल्यांदा आलं तेव्हा फार चाललं नाही, 1976 मधे पुन्हा काढलं तेव्हा अमेरिकेत सातव्या नंबरपर्यंत गेलं. दोघं जवळजवळ एकाच सुरात सुरू करतात आणि हळूहळू वेगळे होतात, हॉल वर सरकतो, ओट्स खाली धरून ठेवतो. शेवटी पट्टी चढत जाते, तिथे लक्ष द्या. आपल्याकडे बुवा शेवटच्या अंतऱ्याला वर जातात आणि झीलकरी मागून ओढ धरतात, तसंच.

मग 'सारा स्माइल'. या गाण्याला घाई करू नका. हॉलची मैत्रीण सारा ॲलन, तिच्यावर केलेलं गाणं, 1976 मधे चौथ्या नंबरवर गेलं. अंतरे तो जवळपास कानात बोलल्यासारखे गातो, जोर कुठंच नाही, आणि शेवटी शब्द संपले की खरं गाणं सुरू होते. एकच शब्द घेऊन तो वरच्या बारीक आवाजात जातो, थांबतो, पुन्हा दुसऱ्या वाटेनं जातो. हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे : या गायकाकडे कान लावायचा तो शब्द संपल्यावर. बाकी लोक गाणं संपत आलं की बटण दाबून पुढचं लावतात, इथे तसं केलं तर मुख्य माल राहून जाते.

मागच्या वर्षी कापणी झाल्यावर एका रात्री भजन आटोपलं, मंदिराच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा जण बसलेलो, आणि मी छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर 'सारा स्माइल' चं लाइव्ह लावलं. आमच्याकडे एक म्हातारे खंजेरीवाले काका आहेत, सत्तरीच्या पुढचे. ते तंबाखू मळत होते. शेवटचा भाग आला तसा त्यांचा अंगठा तळहातावर थांबला, मग डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेक्यात पडायला लागली, आधी नुसता ठोका, मग मधेच एक जास्तीचा ठोका टाकून ते त्याच्या आवाजाला उत्तर द्यायला लागले. गाणं संपल्यावर म्हणाले, "बाबू, शब्द तं एकही नाई समजला, पन हा मानूस भजन करून रायला." मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणून इंग्लिशचं टेन्शन घेऊ नका. पहिल्यांदा ऐकताना अर्थ शोधायचाच नाही, आवाज कुठं श्वास घेते, कुठं ताल सोडून मागं राहते आणि पुन्हा समेवर येते एवढंच पाहा. दोन-तीनदा झालं की मग शब्द काढून वाचा.

ऐंशीच्या दशकातले हिट पटापट ऐकले तरी चालतील, एक सोडून. पहिल्या नंबरवर गेलेली सहा गाणी आहेत यांची अमेरिकेत, 1977 चं 'रिच गर्ल', 1981 मधे 'किस ऑन माय लिस्ट' आणि 'प्रायव्हेट आइज', मग 'आय कान्ट गो फॉर दॅट', 1982 चं 'मॅनईटर', आणि 1984 चं 'आउट ऑफ टच'. 'मॅनईटर' मधला सॅक्सोफोन चार्ल्स डीशांटचा, तो दशकानुदशकं यांच्यासोबत वाजवत आला, लाइव्ह व्हिडिओत पण दिसेल.

जे सोडायचं नाही ते 'आय कान्ट गो फॉर दॅट'. हे इअरफोन लावूनच ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर खालचा सूर येतच नाही. रोलंडच्या ताल-मशीनचा तयार ठेका सुरू केला, त्यावर हॉलनं कॉर्ग ऑर्गनवर खालची ओळ वाजवली, तिथूनच गाणं उभं राहिलं. मी ऑर्गनवाला म्हणून सांगतो, डाव्या हाताची ती ओळ बसवायला मला पंधरा दिवस लागले, सूर कमीच आहेत पण प्रत्येकामधली रिकामी जागा नेमकी सोडावी लागते. हे गाणं पॉपच्याच नाही, काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी चार्टवरही पहिलं आलं, 1982 च्या सुरुवातीला, आणि गोऱ्या गायकांना तिथे पहिला नंबर फार क्वचित मिळालेला आहे. हॉलनं सांगितलेली गोष्ट आहे की 1985 मधे 'वी आर द वर्ल्ड' या गाण्याच्या रेकॉर्डिंगला मायकल जॅक्सन त्याला भेटला आणि म्हणाला की माझ्या 'बिली जीन' गाण्याची बेसची ओळ मी तुमच्या या गाण्यावरून घेतली. मला वाटलं प्रेमातलं गाणं आहे, पण ओट्सनं सांगितलं आहे की ते खरं तर म्युझिक कंपन्यांच्या धंद्याबद्दल आहे, की शरीर घ्या पण मन देणार नाही अशा अर्थाचं. नाटक कंपनीत काम केलेल्या माणसाला हे लगेच समजते.

आता मुख्य रात्र. 'लाइव्ह ॲट द अपोलो', मे 1985. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो थिएटर म्हणजे काळ्या कलाकारांचं माहेर, तिथलं पब्लिक आवडलं नाही तर स्टेजवरून हाकलून देणारं. ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं तेव्हा हॉल आणि ओट्स तिथे गायले, आणि सोबत त्यांनी आणले टेम्प्टेशन्स या काळ्या गायकांच्या ग्रुपचे जुने गायक डेव्हिड रफिन आणि एडी केंड्रिक, ज्यांना ऐकून ते लहानाचे मोठे झाले. स्वतः शिखरावर असताना गुरूंना बोलावून त्यांची गाणी त्यांच्यासोबत म्हणायची, आणि ते पण त्यांच्याच अंगणात. रेकॉर्डिंग त्या गाण्यांच्या मेडलीनंच, म्हणजे एकाला एक जोडून म्हटलेल्या गाण्यांनीच, सुरू होते. रफिनचा आवाज खरखरीत, केंड्रिकचा बारीक तुपासारखा, आणि मधे हॉल दोघांनाही जागा देते, ती जागा देणं मला सगळ्यात मोठं वाटते. दोन महिन्यांनी 13 जुलैला फिलाडेल्फियाच्या लाइव्ह एड नावाच्या मोठ्या कार्यक्रमाला पण हे चौघं एकत्र होते, त्याचे व्हिडिओ मिळतात.

याच अपोलोच्या रेकॉर्डिंगमधे 'एव्हरीटाइम यू गो अवे' आहे, आणि त्याच्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा असं माझं म्हणणं आहे. तीन वेळा ऐकायचं, तीन प्रकारे. आधी 1980 च्या 'व्हॉइसेस' अल्बममधलं मूळ, संथ, ऑर्गनवर, चर्चमधे बसल्यासारखं. मग पॉल यंग या इंग्लिश गायकाचं, जे 1985 च्या जुलैमधे अमेरिकेत पहिलं आलं, गुळगुळीत, सुंदर आहे, रेडिओला शोभणारं. बऱ्याच लोकांना हे गाणं त्याचंच वाटते. मग लगेच अपोलोचं लावा. शब्द संपतात, बँड मागं येते, आणि हॉल पब्लिकशी गाण्यातूनच बोलायला लागतो, एक ओळ फेकली की झील परत येते, पुन्हा वेगळी फेकतो, कुठं ओरडतो, कुठं एकदम पडतो. पॉल यंगनं गाणं म्हटलं, हॉलनं ते मागितलं. हा फरक एकदा कानाला कळला की तुम्ही कोणताही गायक वेगळ्या नजरेनं ऐकाल, आपल्या गावचे पण.

इथून पुढं बरीच वर्षं सोडून सरळ 2007 वर या. तेव्हा साठी ओलांडलेल्या हॉलनं 'लाइव्ह फ्रॉम डॅरिल्स हाउस' नावाचा शो इंटरनेटवर सुरू केला, न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या खेड्यातल्या घरी. पब्लिक नाही, तिकीट नाही, बँड गोल करून बसलेला, एक पाहुणा गायक, अर्धी गाणी पाहुण्याची, अर्धी घरच्याची, आणि मधे सगळे मिळून स्वयंपाक करून जेवतात. झाडीपट्टीत नाटकाच्या आधी गावातल्याच कोणाच्या घरी कलाकारांची पंगत बसते आणि तिथेच पेटीवाला हळूच सूर धरते, ते ज्यानं पाहिलं त्याला या शोचा जीव लगेच कळेल. स्मोकी रॉबिन्सनचा भाग आधी पाहा, मग सीलो ग्रीनचा, मग शॅरन जोन्सचा. जुन्या भागांत बेस वाजवणारा टी-बोन वोक दिसेल, टोपीवाला, हसरा. तो हॉलचा तीस वर्षांचा सोबती, 2010 च्या फेब्रुवारीत अचानक गेला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे भाग पाठोपाठ पाहिले की खोलीतली एक जागा रिकामी झालेली जाणवते, मला तर दर वेळी जाणवते.

आता म्हातारपणाच्या शोबद्दल, कारण इथे पोट्टे चुकतात. अलीकडचा व्हिडिओ लावतात, पहिल्याच वरच्या सुराला म्हणतात आवाज गेला, आणि बंद करतात. अरे बाबा, माणूस ऐंशीला टेकला. आपले बुवा काळी चारवरून काळी दोनवर आले तेव्हा आपण भजन सोडलं का? पट्टी खाली आली की गायक काय करते ते पाहायचं. तो आता वरच्या सुरावर सरळ उडी मारत नाही, बाजूनं वळण घेऊन जातो, शब्द मागं ठेवतो, काही जागा झीलकऱ्यांना देऊन टाकतो. एक काम करा, 'सारा स्माइल' चं सत्तरच्या दशकातलं, घरच्या शोमधलं आणि अलीकडच्या वर्षांतलं असे तीन लाइव्ह एकामागून एक लावा, डोळे मिटून. तरुणपणी जे गळ्यानं केलं ते म्हातारपणी विचारानं केलेलं ऐकू येईल.

जोडीचं मात्र शेवटी बिनसलं. 2014 मधे दोघं रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत एकत्र गेले, आणि 2023 च्या नोव्हेंबरमधे हॉलनं ओट्सवर केस केली, भागीदारीच्या कंपनीतला हिस्सा विकण्यावरून. दोन भावांचं वावर कोर्टात गेलं की जसं वाईट वाटते तसं वाटलं मला. त्यानंतर हॉल आपल्या बँडसोबत गातो, 2024 मधे 'डी' नावाचा अल्बम पण काढला. तो सगळ्यात शेवटी ऐका, आधी नको.

थोडं सामानाचं. स्पीकर टिनाच्या शेडखाली ठेवू नका, पत्रा थरथरते आणि बेसचा सत्यानाश होते. मातीच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पाटावर ठेवला तर खालचा सूर भरून येते. आवाज मध्यम ठेवा, हा गायक हळू गाते तेव्हाच जास्त देते. चार-पाच जण मिळून ऐका आणि त्यात एकतरी खंजेरी किंवा तबला वाजवणारा बसवा, त्याचा हात कुठं हलते ते पाहत राहा. आणि लिस्ट तालुक्याला गेल्यावर डाउनलोड करून आणा, कारण आमच्या बाजूला संध्याकाळी सातनंतर रेंज जाते, आणि अपोलोवालं गाणं मधेच अडकलं तर पुन्हा पहिल्यापासून लावावं लागते.