वडिलांच्या माघारी उरलेली बंदूक कायदेशीरपणे कशी विकावी

घरातील परवानाधारक वारले की सातबारा, बँकेची खाती आणि विम्याचे कागद यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. कपाटामागे कापडी गवसणीत उभी असलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) बंदूक मात्र वर्षश्राद्धापर्यंत तशीच राहते. मग एखादा भाचा मोबाइलवर तिचा फोटो काढतो आणि हिला ऑनलाइन गिऱ्हाईक मिळेल का, असे विचारतो. प्रश्न गैर नाही, पण त्याचा क्रम चौथा किंवा पाचवा आहे. पहिला प्रश्न असा की, ती बंदूक आज कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या ताब्याला कोणता परवाना आहे.

शस्त्र परवाना व्यक्तीच्या नावाने असतो आणि त्या व्यक्तीबरोबरच संपतो. वारसाहक्काने बंदुकीची मालकी मुलांकडे येते, परंतु ती घरात ठेवण्याचा अधिकार आपोआप येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बिनपरवाना ताब्याला किमान दोन व कमाल पाच वर्षांचा कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. ‘ती तर वडिलांची होती’ हे उत्तर तेथे चालत नाही. कोकणात आणि गोव्यात शेतीसंरक्षणासाठी घेतलेल्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकांबाबत ‘ती काय, काडतुसाची थोडीच आहे’ असे सर्रास बोलले जाते. पण चालू स्थितीतील ठासणीची बंदूकही कायद्याच्या दृष्टीने अग्निशस्त्रच आहे.

म्हणून पहिले पाऊल म्हणजे बंदूक जमा करणे. ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. आधी पोलीस ठाण्यात दूरध्वनी करून कळवावे, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना यांच्या दोन-दोन प्रती काढाव्यात आणि लेखी अर्जासह बंदूक रिकामी करून, गवसणीत घालून न्यावी. ती रिकामी आहे की नाही याची खात्री नसेल किंवा ती हाताळण्याची सवय नसेल, तर खटपट न करता ठाण्यातील कर्मचाऱ्यालाच घरी बोलवावे. उरलेली काडतुसेही त्याच वेळी जमा करावीत. जुनी काडतुसे विहिरीत टाकणे किंवा दिवाळीत ‘एकदा बार काढून बघू’ असे म्हणणे हे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत, आणि दोन्ही धोक्याचे आहेत.

जमा करताना मिळणारी पावती पुढच्या सर्व व्यवहाराचा पाया असल्यामुळे ती घाईत खिशात घालू नये. बंदुकीची बनावट, बोअर, एकनळी की दुनळी, क्रमांक, काडतुसांची संख्या, दस्त्याला तडा असल्यास त्याचा उल्लेख, पट्टा व गज यांसारखे सोबतचे सामान, हे सारे पावतीवर तेथेच वाचून पाहावे. आमच्या दुनळीच्या परवाना-पुस्तिकेत शेवटचा अंक ८ लिहिलेला होता. विक्रेत्याने पुढचा लाकडी भाग काढून नळीच्या बुडावरचा ठसा भिंगाखाली धरला, तेव्हा तो ३ निघाला. वीस वर्षांपूर्वी कोणा लेखनिकाच्या हातून झालेली ती चूक दुरुस्त होण्यात चार महिने गेले. हा मेळ किरकोळ समजू नये, कारण कलम ८ नुसार ओळखचिन्हे नसलेले अग्निशस्त्र विकताच येत नाही. क्रमांक झिजलेला, खोडलेला किंवा कागदाशी न जुळणारा असेल, तर विक्रीची बोलणी तेथेच थांबवून परवाना प्राधिकाऱ्याला लेखी कळवावे.

दुसरे पाऊल घरात बसून उचलायचे आहे. बंदूक सर्व वारसांची आहे. म्हणून ती विकायची की कोणा एकाच्या नावाने परवाना घेऊन ठेवायची, हे सर्वांनी मिळून ठरवावे आणि इतरांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे घ्यावीत. परदेशी असलेल्या भावंडाला तेथील भारतीय वकिलातीत आपली सही साक्षांकित करून घेता येते. ठेवायचे ठरले, तर शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ खाली कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. याच नियमानुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतही परवाना वारसाकडे देण्याची सोय आहे. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी याचा विचार आजच केला, तर या लेखातील निम्मा खटाटोप वाचेल. मात्र वारशाने परवाना घेतानाही एका व्यक्तीकडे दोनच अग्निशस्त्रे, ही २०१९ पासूनची मर्यादा लागू राहते.

विकायचे ठरले, तर कलम २१ चा दुसरा भाग उपयोगी पडतो आणि तोच बहुतेकांना ठाऊक नसतो. शस्त्र जमा करणाऱ्याला, ठरलेल्या मुदतीच्या आत, ते बाळगण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला विकण्याचा आणि विक्रीची रक्कम स्वतः घेण्याचा हक्क आहे. म्हणजे विकण्यासाठी आधी स्वतःच्या नावाने परवाना काढलाच पाहिजे असे नाही. परंतु मुदत उलटली, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने शस्त्र सरकारजमा होते; तेव्हा जमा करतानाच ही मुदत विचारून पावतीवर लिहून घ्यावी. परवाना प्राधिकारी म्हणजे साधारणपणे जिल्हाधिकारी तथा जिल्हा दंडाधिकारी, आणि मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्त. विक्रीच्या परवानगीचा अर्ज त्यांच्याकडे करावा. परवान्यावर ‘निषिद्ध बोअर’ (सामान्य नागरिकाला सहसा न मिळणारा शस्त्रप्रकार) असा शेरा असेल, तर खाजगी गिऱ्हाईक शोधण्याच्या भानगडीत पडू नये. त्या शस्त्रांचे नियम वेगळे आणि शिक्षा फार कडक आहेत.

आता ऑनलाइनविषयी. आपल्याकडे बंदुकीचा फोटो टाकला, पैसे आले आणि कुरिअरने माल गेला, असा कायदेशीर व्यवहार अस्तित्वात नाही. समाजमाध्यमांचे नियमही आड येतात: फेसबुक आणि इन्स्टाग्रामने खाजगी व्यक्तींमधील शस्त्रविक्रीला २०१६ मध्येच बंदी घातली. तेव्हा इंटरनेटचा उपयोग परवानाधारक शस्त्र विक्रेत्यांचे पत्ते शोधणे, दोन-तीन ठिकाणी भाव विचारणे आणि नेमबाजी मंडळांत चौकशी करणे, एवढाच धरावा. फोटो पाठवावाच लागला, तर त्यात क्रमांक, घराचा दर्शनी भाग किंवा पत्ता दिसू नये. ‘मी सैन्यात अधिकारी आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा’ असे म्हणणारा माणूस जुन्या सोफ्याच्या जाहिरातीला भेटतो तसा येथेही भेटतो.

परवानाधारक विक्रेत्याला बंदूक दिली, तर खाजगी गिऱ्हाइकापेक्षा भाव कमी येतो. पण कागदांची बाजू त्याला पाठ असते. घाई असलेल्या किंवा गावापासून दूर राहणाऱ्या वारसांनी हाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे. खाजगी खरेदीदार मिळालाच, तर त्याचा मूळ परवाना समक्ष पाहावा, मोबाइलवरचे छायाचित्र नव्हे. परवान्याची मुदत शिल्लक आहे का, तुमच्या बंदुकीचा प्रकार व बोअर त्यावर नमूद आहे का, खरेदीची मुदत संपली नाही ना, त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रे नाहीत ना, आणि शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीसंचातील विशिष्ट ओळख क्रमांक परवान्यावर आहे का, हे पाहावे. २१ वर्षांखालील व्यक्तीला किंवा मनाचे स्वास्थ्य ठीक नसल्याचे आपल्याला जाणवत असलेल्या व्यक्तीला शस्त्र विकणे कलम ९ नुसार गुन्हा आहे, मग त्याने दाखवलेले कागद कितीही चोख असोत.

यानंतर येते कलम ५ मधील ४५ दिवसांची अट. स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र विकायला विक्रेत्याचा परवाना लागत नाही. पण विक्रीचा हेतू आणि खरेदीदाराचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागतात, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. वारसांनीही ही अट धरूनच चालावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, कारण दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत. खरेदीदार मध्येच बदलला, तर नव्या नावाने पुन्हा कळवून पुन्हा ४५ दिवस मोजावेत. असे न कळवता किंवा ४५ दिवस पुरे होण्याआधी केलेली विक्री हा शिक्षापात्र गुन्हा आहे. तेव्हा ‘गिऱ्हाईक ओळखीतले आहे’ म्हणून चाळिसाव्या दिवशी बंदूक हाती देऊ नये.

मुदत संपल्यावर आणि परवानगी हाती आल्यावर व्यवहार पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याच्या दुकानातच, जेथे बंदूक जमा आहे तेथे, पूर्ण करावा. पैसे बँकेतून घ्यावेत आणि विक्री पावतीवर दोघांच्या सह्या, खरेदीदाराचा परवाना क्रमांक व शस्त्राचा क्रमांक घालावा. बंदूक खरेदीदाराच्या परवान्यावर चढल्याची नोंद झाली की तिची छायाप्रत मागून घ्यावी.

शस्त्र शंभर वर्षांहून जुने असेल, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. जे दुरुस्त करूनही कधी उडणार नाही अशा कालबाह्य किंवा पुरातन शस्त्राला कलम ४५ मधून सूट मिळू शकते. परंतु ते उडणार नाही हे आपण घरच्या घरी ठरवायचे नसते. अशा वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो, आणि तो कायदा खाजगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर पाठवू देत नाही. म्हणून लंडनच्या कोणा संग्राहकाने भरघोस किंमत देऊ केली, तरी तो विचार सोडून द्यावा.

शेवटचे काम बहुतेक जण विसरतात. मृत व्यक्तीचा मूळ परवाना प्राधिकाऱ्याकडे परत करून तो रद्द झाल्याचे आणि शस्त्र त्यावरून कमी झाल्याचे पत्र घ्यावे. ते घेतले नाही, तर निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रे जमा करून घेण्याची यादी घेऊन आलेला हवालदार दारात उभा राहून वडिलांच्या नावाने विचारणा करतो, आणि त्या वेळी विक्री पावती, ४५ दिवसांच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि हे पत्र एकाच फायलीत असले, तर बोलणे उंबऱ्यावरच संपते.