गरम झाली की सुरू न होणारी मोटरसायकल: दोष गरम असतानाच पकडा

सकाळी पहिल्या किकला सुरू होणारी गाडी लांब चालवून थांबवली की पुन्हा सुरू व्हायला घाम काढते, आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी सुरू होते. कार्ब्युरेटरवाल्या १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत ही तक्रार नेहमीची आहे. गॅरेजला पोहोचून नंबर लागेपर्यंत इंजिन थंड होतं, दोष दिसेनासा होतो, आणि मग अंदाजानं प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर एकेक करून बदलले जातात. म्हणून तपासणी करायची ती गाडी सुरू होत नाही त्याच वेळी. प्लगपाना, चांगला चालणारा एक जादा प्लग आणि जाड हातमोजे गाडीसोबत ठेवा.

आधी वेळेकडे लक्ष द्या. बंद करून लगेच किक मारली तर सुरू होते, पण ५-१० मिनिटांनी होत नाही, असं असेल तर संशय पेट्रोलवर घ्या. गाडी थांबली की वारा लागायचा थांबतो आणि हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) उष्णता कार्ब्युरेटरकडे सरकते. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल वाफ होऊन इनटेकमध्ये साचतं. बंद केल्या केल्याच सुरू होत नसेल, तर करंट (प्लगची ठिणगी) किंवा टॅपेट (व्हॉल्वच्या दांडीवरचा गॅप ठरवणारे स्क्रू) आधी बघा.

करंट बघताना मूळ प्लग जागेवरच राहू द्या. जादा प्लग कॅपला लावून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या रंग नसलेल्या बोल्टवर घट्ट टेकवा, चावी आणि किल स्विच चालू करून किक मारा. मूळ प्लग काढून उघड्या भोकाजवळ हे केलं, तर बाहेर येणारी पेट्रोलची वाफ ठिणगीनं पेटू शकते. प्लग अर्थला न टेकवता कॅप मोकळी ठेवूनही किक मारू नका, त्यात एचटी कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी) किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतं. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक किंवा मधेच गायब होणारी असेल तर दोष तिथेच आहे.

गरम असताना करंट जातो तो बहुधा एचटी कॉइल, पिकअप कॉइल (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी) किंवा सीडीआयमुळे. आतली तार किंवा सांधा तापून प्रसरण पावला की जोड सुटतो, थंड झाला की पुन्हा टेकतो. पिकअप कॉइलचा रोध मल्टिमीटरनं थंड असताना मोजून लिहून ठेवा आणि दोष आल्यावर पुन्हा मोजा. इंजिन ५० अंशांनी तापलं की तांब्याचा रोध साधारण २० टक्के वाढतोच, तो दोष धरू नका. आकडा सतत उड्या मारत असेल किंवा मीटर ओपन (जोड तुटलेला) दाखवत असेल, तरच कॉइल बदला. एचटी कॉइलसाठी ओलं फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावर धरा. दोन-तीन मिनिटांत ठिणगी परत आली तर चोर सापडला. सीडीआयचं उलट करा: थंड गाडीवर हेअर ड्रायरनं तेवढंच गरम करून बघा.

करंट ठीक असेल तर आता मूळ प्लग काढा. टोक पेट्रोलनं ओलं असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे पेट्रोल जास्त गेलं आहे. प्लग पुसून लावा, पेट्रोलचा कॉक बंद, चोक न ओढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून ५-६ किक मारा. अशी सुरू झाली तर फ्लोट नीडलच्या (वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकावर झिजून पडलेली खाच, तिच्या सीटवरचा कचरा, पूर्ण मागे न जाणारा चोक आणि तुंबलेला एअर फिल्टर हे चार तपासा. चोक केबलला थोडा ढिलेपणा असायलाच हवा.

प्लग कोरडा असेल तर टाकीचं झाकण उघडा. सुस्कारा येऊन थोड्या वेळानं गाडी सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. तसं नसेल तर कॉकची जाळी साफ करा आणि पेट्रोलचा पाइप हेडला टेकतोय का पाहा. कार्ब्युरेटर आणि हेडमधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना, हेही बघा. तो उष्णता अडवण्यासाठीच असतो. त्याच्या जागी नुसतं पॅकिंग घातलेल्या गाड्या दिसतात.

करंट आहे, पेट्रोल आहे, आणि गरम असताना किक नेहमीपेक्षा मऊ लागते? मग टॅपेट बघा. हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. टॅपेटची टिकटिक मालकाला आवडत नाही म्हणून मेकॅनिक गॅप आवळून आवाज बंद करतो. व्हॉल्वची दांडी तापून लांबते, गॅप संपतो, व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं. थंड झाल्यावर दांडी आखडते आणि गाडी सुरू होते. व्हॉल्व सीट झिजत गेली तरी गॅप आपोआप कमी होतो.

टॅपेट मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायचे, शक्यतो रात्रभर उभ्या गाडीवर. प्लग काढा, मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकावरच्या चाकावरची) टी खूण केसिंगच्या खुणेसमोर आणा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व दाबणारे दांडे) हातानं किंचित हलले तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सर्वात वरच्या जागी) आहे; हलत नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. गॅप गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या, या गाड्यांत तो ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असतो. फीलरची (गॅप मोजायची) पट्टी हलकी अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघाच. हलकी टिकटिक राहिली तर राहू द्या, घट्ट टॅपेटनं व्हॉल्व जळतो.

गॅप बरोबर असूनही किक मऊ असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. प्लगच्या भोकातून ५ मिली ऑइल टाकून दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व, ही चाचणी उभ्या सिलिंडरलाच लागू पडते. आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि निष्कर्ष चुकतो.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पहिली चाचणी चावीनंच होते. गरम असताना चावी चालू करा, पंपाचा आवाज थांबू द्या, बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. सुरू झाली तर थांबल्यावर लाइनमधला दाब उतरतोय: पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व किंवा गळका इंजेक्टर तपासून घ्या. फरक पडला नाही तर इंजिन टेम्परेचर सेन्सरचं रीडिंग स्कॅनरवर बघा. सेन्सर इंजिन थंड असल्याचं सांगत असेल तर ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) गरम इंजिनला जादा पेट्रोल देत राहतो.