‘यंग रोमान्स’चा प्रकाशन-इतिहास लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेत प्रेमकथांच्या कॉमिक्सची लाट जिच्यापासून सुरू झाली, ती ‘यंग रोमान्स’ ही मालिका सप्टेंबर-ऑक्टोबर १९४७ च्या अंकाने सुरू झाली आणि नोव्हेंबर-डिसेंबर १९७५ च्या २०८ व्या अंकाने बंद पडली. जो सायमन आणि जॅक कर्बी या लेखक-चित्रकारांच्या जोडीने ती उभी केली. तिचा इतिहास वरवर सरळ दिसतो, पण जुन्या अंकांच्या याद्या करताना आणि लेख लिहिताना त्यात चुका वारंवार होतात. त्यांतल्या बऱ्याच चुकांचे मूळ एकच आहे: मुखपृष्ठावर विसंबून राहणे आणि आतल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात छापलेला प्रकाशनविषयक मजकूर न वाचणे.

सर्वांत मोठा गोंधळ क्रमांकांचा होतो. आरंभीच्या प्रकाशकाने अंकांना खंड आणि अंक अशा जोड क्रमांकांनी ओळख दिली होती. आपल्या मासिकांवर ‘वर्ष ३, अंक १’ असे छापलेले असते, तसाच हा प्रकार होता. पहिली दोन वर्षे मालिका द्वैमासिक असल्यामुळे पहिल्या दोन खंडांत प्रत्येकी सहा अंक निघाले, म्हणून सप्टेंबर १९४९ चा ‘खंड ३, अंक १’ हा एकूण गणनेत तेरावा ठरतो. नेमका याच अंकापासून मालिका मासिक झाली, त्यामुळे खंडाला सहाने गुणण्याचे गणित तिथून पुढे चालत नाही. तुमच्या यादीत एकाच मालिकेचे चार-पाच ‘पहिले अंक’ दिसू लागले, तर संग्रह दुर्मीळ आहे अशा समजुतीत राहू नका. खंडाचा आकडा गाळून केवळ अंकाचा आकडा नोंदवला गेला आहे, हे ओळखा. दोन्ही आकडे आणि तारीख एकत्र लिहावी, म्हणजे एकूण गणना नंतर केव्हाही तपासता येते.

दुसरी चूक प्रकाशकाच्या नावाची. क्रेस्टवूड, प्राइझ आणि फीचर पब्लिकेशन्स ही नावे वाचून तीन निरनिराळ्या संस्थांनी मालिका एकमेकींकडे सोपवली असे लिहिले जाते, परंतु ही एकाच घरची नावे होती. मालिकेचे खरे हस्तांतर एकदाच झाले. जून-जुलै १९६३ चा १२४ वा अंक हा प्राइझचा शेवटचा अंक, आणि ऑगस्ट-सप्टेंबर १९६३ च्या १२५ व्या अंकापासून ती ‘सुपरमॅन’ छापणाऱ्या डीसी या प्रकाशकाकडे, म्हणजे त्या काळच्या नॅशनल पीरिऑडिकल पब्लिकेशन्सकडे गेली. डीसीने क्रमांक नव्याने सुरू केले नाहीत, त्यामुळे १२५ हा डीसीचा पहिला अंक असला तरी मालिकेचा पहिला अंक नव्हे. याच नावाने २०१३ मध्ये डीसीने काढलेला व्हॅलेंटाइन विशेषांक मात्र स्वतंत्र आहे. जुन्या मालिकेची पुढची कडी म्हणून त्याची नोंद करू नये.

भगिनी मालिका ‘यंग लव्ह’ हिच्याबाबत अधिक जपून राहावे लागते. ती १९४९ च्या आरंभी निघाली आणि ७३ अंकांनंतर १९५६-५७ च्या हिवाळ्यात थांबली. मग १९५७ मध्ये ‘ऑल फॉर लव्ह’ आली आणि १९६० मध्ये तिचेच नाव बदलून पुन्हा ‘यंग लव्ह’ झाले. ती डीसीकडे गेली तेव्हा अंकावर ३९ हा आकडा होता. जुन्या ७३ नंतर ३९ कसा, असा प्रश्न पडून अनेक जण ही छपाईची चूक समजतात. पण १९६० नंतरचे द्वैमासिक अंक मोजले तरी ३९ पर्यंत पोचता येत नाही, ‘ऑल फॉर लव्ह’चे अंक धरले तरच तो आकडा जुळतो. नाव बदलले म्हणून गणना तुटली असे गृहीत धरणे, हेच या घोटाळ्याचे कारण आहे.

तारखेबद्दल थोडक्यात: मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना नसे. विक्रेत्याने अंक शिळा समजून लवकर काढू नये म्हणून पुढची तारीख छापली जाई. घटनाक्रम लावताना ‘मुखपृष्ठावरील तारीख’ असा स्पष्ट उल्लेख करावा.

श्रेय देतानाही घाई होते. सायमन आणि कर्बी यांनी या मालिकेत नफ्यातील निम्मा वाटा घेण्याचा करार केला होता, आणि चित्रकारांना तुटपुंजे मानधन मिळण्याच्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, असे मला वाटते. म्हणून प्रत्येक कथा कर्बीनेच रेखाटली असे मात्र होत नाही. त्यांच्या स्टुडिओत बिल ड्राउट, मॉर्ट मेस्किन असे समर्थ चित्रकार काम करीत होते आणि त्यांची नावे वगळणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शेवटची चूक पुनर्मुद्रणाची. सत्तरच्या दशकातल्या जाडजूड अंकांत जुन्या कथा पुन्हा छापताना केशरचना आणि कपडे नव्या चालीप्रमाणे बदलले गेले. शिवाय १९५४ मध्ये कॉमिक्सच्या मजकुरावर बंधने घालणारी आचारसंहिता आल्यावर कथांचा धीटपणाही ओसरला. त्यामुळे पहिल्या वर्षांतील कथांची भाषा, वेशभूषा किंवा धाडस यांविषयी विधान करायचे असेल तर मूळ अंकाचाच आधार घ्यावा, आणि तो हाती नसेल तर आपण पुनर्मुद्रण पाहिले आहे हे वाचकाला सांगावे.