ग्लूची केस आहे? आधी ट्रॉली बघा

रात्री येणारी नेहमीची केस धरून चालते. जुना टीबी, फुप्फुसाला पडलेली पोकळी, खोकल्यातून भसाभस रक्त. श्वासनलिकांना रक्त पुरवणारी ब्रॉन्कियल आर्टरी बंद करायचीय आणि सर म्हणतात, ती बुजवायला पीव्हीएचे (प्लास्टिकचे) कण नकोत, ग्लू म्हणजे वैद्यकीय गोंद घेऊ. कॅथलॅबला नव्याने लागलेल्यांनी ट्रॉली लावायच्या आधी हे वाचा. लावून झाल्यावर नको.

आयएनआर, प्लेटलेट, क्रिएटिनिन, क्रॉसमॅच झालेलं रक्त, लेड अ‍ॅप्रन. हे तुम्हाला येतं.

संमतिपत्रावर मात्र नुसती सही उरकू नका. ग्लू एकदा बसला की परत काढता येत नाही, हे नातेवाइकांच्या कानावर गेलंच पाहिजे. शिवाय छातीतल्या या रक्तवाहिन्यांतून, विशेषतः उजव्या बाजूच्या इंटरकॉस्टोब्रॉन्कियल खोडातून (बरगडीची आणि ब्रॉन्कियल फांदी जिथून एकत्र निघते), कधीकधी मज्जारज्जूला फांदी जाते. तिच्यात ग्लू शिरला तर पाय लुळे पडू शकतात. क्वचित होतं, पण झाल्यावर सांगून काय उपयोग? टेबलावर घेण्याआधी दोन्ही पाय हलवून घ्या आणि ताकद कागदावर लिहा. नंतर तुलना कशाशी करणार?

आता डेक्स्ट्रोज, मायक्रोकॅथेटर म्हणजे ग्लू सोडायची बारीक नळी धुवायला. ५ टक्क्यांची, सीलबंद, नवी बाटली. डी-फाइव्ह. डीएनएस (डेक्स्ट्रोज-नॉर्मल सलाईन) नव्हे. परत सांगते, डीएनएस नव्हे. त्या लेबलावरही डेक्स्ट्रोज लिहिलेलं असतं, पण शेजारीच सोडियम क्लोराइड असतं. मागच्या खेपेला स्टोअरमधून नेमकी तीच आली. घाईत कुणी पूर्ण लेबल वाचलं नाही, मीही नाही. ग्लू मायक्रोकॅथेटरच्या आतच बसला. महागडा मायक्रोकॅथेटर कचऱ्यात, आणि नवा त्याच जागी पोचेपर्यंत पेशंट टेबलावर रक्त टाकतोय.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. हा ग्लू म्हणजे एन-ब्युटाइल सायनोअ‍ॅक्रिलेट, फेविक्विकच्याच कुळातला. रक्तातले आयन लागले की काही सेकंदांत घट्ट होतो, आणि त्याचाच आपण उपयोग करतो. पण मिठाच्या पाण्यातही आयन असतात. एनएस (नॉर्मल सलाईन), आरएल (रिंगर लॅक्टेट), डीएनएस, सगळ्यांत मीठ आहे. डी-फाइव्हमध्ये नुसती साखर आणि पाणी, म्हणून ग्लू कॅथेटरमधून पातळ राहून पुढे जातो.

तर ग्लूची ट्रॉली वेगळी. तिच्यावर एनएसचा बाऊल नको, हेपरिन सलाईन नको, त्यात बुडवलेला गॉझ नको. नेहमीच्या ट्रॉलीवरची सिरिंज उचलून इकडे आणू नका, ती आतून ओली असते. ग्लू हाताळणाऱ्याने ग्लव्हज बदलायचे, कारण जुन्यांना रक्त आणि सलाईन लागलेलं असतं. डी-फाइव्हचा बाऊल कोरडा हवा, आणि त्यावर मार्करने नाव. बाटली ओतण्याआधी एकाने लेबल मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. हसू येईल, येऊ द्या.

ग्लू एक्स-रेत दिसत नाही, म्हणून त्यात लिपिओडॉल (एक्स-रेत दिसणारं तेल). त्याने तो दिसतोही आणि बसतोही सावकाश. प्रमाण सर सांगतील. १ भाग ग्लूला २ ते ४ भाग लिपिओडॉल, असं बहुधा ऐकाल. प्रवाह जोरात असेल तर लिपिओडॉल कमी, नाहीतर ग्लू बसायच्या आत भलतीकडे वाहून जाईल. बारीक फांद्यांपर्यंत न्यायचा असेल तर जास्त. लिपिओडॉलने पॉलिकार्बोनेटचा थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) विरघळतो आणि तडकतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या ल्युअर-लॉक (पिळून घट्ट बसणाऱ्या) सिरिंज काढा. मिश्रण ऐनवेळी करायचं, आधी करून ठेवायचं नाही. डोळ्यांवर चष्मा, कारण दाब जास्त झाला तर हबपाशी, म्हणजे नळीला सिरिंज जोडतो तिथे, ग्लू उडतो.

सरांनी अँजिओ नीट बघून, मज्जारज्जूची फांदी दिसत नाही असं स्वतः म्हटल्याशिवाय ग्लूची सिरिंज हातात द्यायची नाही. केसांच्या पिनेसारखं वळण घेऊन मधोमध जाणारी बारीक रेघ तुम्हाला दिसली तर बोला. ज्युनिअर आहात म्हणून गप्प बसू नका.

मग मायक्रोकॅथेटर डी-फाइव्हने भरपूर धुवा. आतलं रक्त, कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं औषध), सगळं निघालं पाहिजे. कशाने? डी-फाइव्हने. हबसुद्धा.

ग्लू गेला की सर ओढा म्हणतील, त्या क्षणी मायक्रोकॅथेटर बाहेर. रेंगाळलात तर तो भिंतीला चिकटतो. तो परत वापरायचा नाही. मायक्रोकॅथेटर ज्यातून आत गेला त्या बाहेरच्या कॅथेटरमधून आधी रक्त मागे ओढा, मगच कॉन्ट्रास्ट. टोकाशी अडकलेला ग्लूचा कण महाधमनीत ढकलला जायला नको.

पुढचं थोडक्यात. शीथ (रक्तवाहिनीत शिरायला घातलेली नळी) काढून दाब, पाय सरळ. छातीत दुखणं, गिळताना त्रास, थोडा ताप हे होतं आणि बहुधा ओसरतं. पायांची ताकद, संवेदना आणि लघवी मात्र वॉर्डात वारंवार बघायला सांगा. फरक वाटला तर सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच फोन. फाइलमध्ये ग्लूचा बॅच नंबर, प्रमाण आणि किती मिली गेला ते लिहा.