हिरड्यांतून रक्त यायचं, ते असं थांबलं

कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे आम्हा सोलापूरकरांचा जीव की प्राण. पण गेल्या वर्षी भाकरीचा घास तोडला की तुकड्यावर लाल ठिपका दिसायला लागला. मी घाबरलो आणि आणखी जोरात ब्रश घासू लागलो. चूक तिथेच होती. डेंटिस्ट मॅडमनी आधी साचलेलं कीटण काढलं, मग म्हणाल्या, "दादा, भांडी घासल्यासारखे दात घासू नका. जमलं तर इलेक्ट्रिक ब्रश घ्या."

घेतला. पहिले दोन दिवस नुसत्या गुदगुल्या! हा ब्रश घासायचा नसतो. हिरडीच्या कडेला जरा तिरका टेकवायचा आणि एकेका दातावरून सावकाश सरकवायचा. दर 30 सेकंदांनी तो थबकतो, की तोंडाचा पुढचा कोपरा. 2 मिनिटांत चार कोपरे. जास्त दाबला की लाल दिवा लागतो. माझं खरं काम त्या दिव्यानंच केलं.

तीन आठवड्यांत रक्त थांबलं. कोक्रेन ही जगभरातली वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणारी संस्था; तिच्या 2014 च्या आढाव्यातही तीन महिन्यांनंतर साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा चिकट थर (प्लाक) 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी आढळली होती. ब्रशचं डोकं मात्र तीन महिन्यांनी बदलतो. आता आईसाठीही घेतलाय. संधिवातामुळे तिची बोटं वळत नाहीत.